राणी हसणार नाही

कराड–पलूस गाडीवर विजयमाला कंडक्टर होती आणि तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. सम्मेदने तिला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी एक कॉलेजचा पोरगा बायकांच्या सीटवर पाय पसरून बसला होता. शेजारी एक म्हातारी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दांडा धरून हिंदकळत होती. दोघातिघांनी सांगून पाहिलं, पोरगा हलला नाही. विजयमाला तिकिटं काढत त्याच्यापाशी आली, थोडी वाकली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बसा तुमी. आजींना सवय हाय उभं राहायची. तुमचंच पाय दुखत्याल."

पोरगा ताडकन उठला आणि पार मागच्या बाकाशी जाऊन खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

सम्मेद तिकीट हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. तो पलूसचाच. वडील धन्यकुमार यांच्या खताच्या दुकानात त्याचं मन रमलं नाही, म्हणून त्यानं कराडात दोन खोल्या घेऊन ॲनिमेशनचं काम सुरू केलं होतं. पुण्याच्या एका मुलांच्या चॅनेलनं त्याला राजाराणीची एक गोष्ट करायला दिली होती. तिच्यातल्या दुष्ट राणीसाठी तो महिनाभर आवाज शोधत होता. नाटकात कामं करणाऱ्या सात-आठ बायका येऊन गेल्या होत्या. सगळ्या जणी ओरडून गेल्या. ऐकून भीती वाटेना, डोकं मात्र दुखायचं.

स्टँडवर उतरताना त्यानं धीर करून विचारलं, "ताई, तुमी सिनेमात आवाज द्याल का? चित्रांच्या सिनेमात. एक राणी हाय."

"कसली राणी?"

"दुसरी राणी. सावत्र आई. दुष्ट असती ती."

विजयमालाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती म्हणाली, "बरोब्बर माणूस गाठलासा. मी बी दुसरीच हाय."

तिचा नवरा नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्याची पहिली बायको गेली तेव्हा मुलगी रेश्मा आठ वर्षांची होती. वर्षभरानं विजयमाला त्या घरात आली. नाथाजी तेव्हा सीमेवर, म्हणजे घरात या दोघीच, आणि समोरच्याच आळीत नाथाजीची थोरली बहीण हरणाबाई. विजयमालानं रेश्माला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुला तुझी आई हाय. मला मावशी म्हण." गावानं त्याचाही अर्थ लावला: पोरीला आईसुद्धा म्हणू देत नाही. तेव्हापासून पोरीनं डबा अर्धा परत आणला तरी चर्चा, खोकली तरी चर्चा. रेश्मा आता अठरा वर्षांची, कराडला कॉलेजात होती, आणि तरी लग्नकार्यात कुणीतरी तिला बाजूला घेऊन हळूच विचारायचंच, "नीट वागवती नव्हं तुला?"

म्हणून विजयमाला सम्मेदला नाही म्हणेल असं कुणालाही वाटलं असतं. पण तिनं आपली साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते सांगितलं.

ती रेश्माला सोबत घेऊनच आली. स्टुडिओ म्हणजे एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. भिंतींना फोम चिकटवलेला, खिडकीला गोधडी ठोकलेली. तिथं स्वप्नाली नावाची मुलगी कॉम्प्युटरवर चित्रं काढत बसायची. सम्मेदची मामेबहीण, सगळी माणसं, घोडे, झाडं हिच्याच हातची.

स्वप्नालीनं राणीचं चित्र दाखवलं. बाकदार नाक, हिरवी नखं, भुवया कपाळात गेलेल्या, अंगावर काळं लुगडं.

विजयमालानं चित्र बराच वेळ पाहिलं. "राजाला डोळं हुतं का?"

"म्हणजे?"

"न्हाई, हिच्याशी लगीन केलं म्हणून इचारलं. हिला बघून दारातलं कुत्रं बी आत घेणार न्हाई. मग राजानं पोरगी हिच्या हातात कशी दिली?"

स्वप्नाली हसली आणि मग हसता हसता थांबली. तिनं ते चित्र बंद केलं.

गोष्ट साधी होती. राजकन्येला तिच्या मेलेल्या आईचे पैंजण असतात. ते घालून ती अंगणात चालली की बागेला फुलं येतात. दुसरी राणी ते पैंजण काढून घेते आणि जमिनीत पुरते. बाग वाळते, राज्य वाळतं, पुढे एक माळी येतो, शेवटी राणीचा दगड होतो वगैरे. पैंजण काढण्याच्या प्रसंगात लिहिलं होतं: राणी खदाखदा हसते. "हा हा हा! आता बघू कशी फुलं उमलवतेस ते!"

विजयमाला मायक्रोफोनसमोर उभी राहिली, कागद वाचला आणि खाली ठेवला.

"ही हसती का?"

"दुष्ट हाय म्हणून," सम्मेद म्हणाला.

"दुष्टपणा करताना कोण हसत न्हाई, भाऊ. लहान पोरीच्या पायातलं काढून घ्यायचं, ती आधीच भेदरलेली, आन त्यात आपण खदाखदा हसलो तर ती पळून जाईल की. बागेत माळी असत्याल, दासी असत्याल, ती सगळी बघत्याल. हिला तर कुणी नाव ठिवायला नको हाय."

"ताई, लेखकानं लिहिलंय तसं—"

"लेखकानं कवा कुणाच्या पायातलं काढून घेतलंय का?"

सम्मेदनं कागद उचलून घेतला. तो म्हणाला, "मग तुमी सांगा, कसं म्हणंल ती?"

विजयमालानं डोळे मिटले. मग ती थोडी खाली वाकली, जणू समोर कमरेएवढी पोर उभी आहे, आणि एक हात पुढं करून हळू बोलली:

"किती लागलंय गं पायाला. सोलवटून निघालंय बघ. दे इकडं, मी नीट ठिवते. अगं, रडतीयास काय? तुझ्या भल्यासाठीच सांगतीया. उद्या तूच म्हणशील, बरं झालं काढलं."

सम्मेद रेकॉर्डिंग थांबवायचं विसरला. स्वप्नाली मोबाईलवर तिचं तोंड आणि हात टिपत होती. ओठांचे आकार चित्रात जुळवायला तिला ते लागायचं. तिनं पाहिलं की शेवटचं वाक्य बोलताना विजयमालाचा हात न दिसणाऱ्या पोरीच्या केसांवरून फिरला.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेली रेश्मा उठली आणि दार उघडून बाहेर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजत वाजत खाली गेली.

विजयमालानं तिला रसवंतीवर गाठलं. रेश्मा बाकावर बसली होती, पुढ्यात उसाच्या रसाचा ग्लास तसाच भरलेला.

"तुमी तसंच बोलला हुता," रेश्मा म्हणाली. "मला. चौथीत असताना. त्याच आवाजात."

विजयमाला तिच्या समोर बसली. तिला माहीत होतं, रेश्मा कशाबद्दल बोलतेय. लग्नाला चारपाच महिने झाले असतील. रेश्माचे केस तेव्हा कमरेखाली जात. एका रविवारी विजयमालानं तिला अंगणात पाटावर बसवलं आणि कात्रीनं ते मानेपाशी कापून टाकले. उवा झाल्यात, शाळेत बाई ओरडतील, तुझ्या भल्यासाठीच. एरवी तिच्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवणारं गाव त्या दिवशी एक शब्द बोललं नाही. हरणाबाई तर म्हणाली होती, "बरं केलंस बाई. शिस्त लागंल."

"उवा हुत्या का खरंच?" रेश्मानं विचारलं.

"हुत्या."

"मग?"

"औषध बी हुतं. आणून ठिवलं हुतं मी. कपाटात हुतं."

रेश्मा तिच्याकडे बघत राहिली. विजयमालानं मान खाली घातली नाही. या बाईनं गेल्या नऊ वर्षांत गावापुढं मान खाली घातली नव्हती, आणि आता पोरीपुढं घातली असती तर बोलणं सोपं झालं असतं. पण तिला ते सोपं करायचं नव्हतं.

"जो येईल तो तुझ्या केसांवरनं हात फिरवायचा," ती म्हणाली. "डोळ्याला पदर लावायचा आन म्हणायचा, अगदी हिच्या आईचं केस. रोज सकाळी पाचला ड्यूटीवर जायच्या आधी ते मी विंचरायची, तेल मी लावायची. आन ते केस तिचं. मला न्हाई सोसलं. कापताना मला मनापासनं वाटत हुतं की मी तुझ्या सोयीचंच करतीया. खोटं बोलतीया असं वाटत नव्हतं. कात्री खाली ठिवली आन तुझं तोंड बघितलं, तवा कळलं."

"तवा का न्हाई बोलला?"

"सगळ्यांनी शाबासकी दिल्ती. शाबासकी मिळाल्यावर कोण कबूल करतंय?"

रसवंतीचा चरक फिरत होता, घुंगरं वाजत होती. रेश्मानं रसाचा ग्लास बाजूला सारला.

"मला वाटायचं माजीच चूक," ती म्हणाली. "मी घाणेरडी हाय, म्हणून उवा झाल्या. लय वर्षं वाटायचं."

विजयमालानं 'न्हाई' म्हणून मान हलवली.

मग रेश्मा उठली. तिच्या आवाजात माफी नव्हती, रागही उतरला नव्हता. "ते तसंच राहू द्या. तुमी आता बोलला तसं. हा हा हा करू नका. नायतर मी हितनं म्होरं तुमच्याशी बोलणार न्हाई."

"न्हाई करत," विजयमाला म्हणाली.

पुढचे दीड महिने ती दर सुट्टीला स्टुडिओत गेली. स्वप्नालीनं राणी नव्यानं काढली. चारचौघींसारखी, नीटनेटकी, डोळ्यांखाली थोडी थकलेली, पोरीशी बोलताना गुडघ्यावर बसून तिच्या उंचीला येणारी. बघणाऱ्याला वाटावं, चांगली बाई आहे.

चॅनेलच्या केतकी मॅडम पुण्याहून बघायला आल्या तो दिवस विजयमालाच्या ड्यूटीचा होता. ती फेरी संपवून खाकी कपड्यांतच वर आली, तेव्हा चित्रपट बघून झाला होता आणि सम्मेद घाम पुसत बसला होता.

केतकी मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी उठून नमस्कार केला, आवाजाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पण ही खलनायिका वाटतच नाही हो. लहान मुलांना कळायला हवं ना, वाईट कोण ते. पहिल्या दृश्यातच कळायला हवं. आणि दुसरं म्हणजे... ते 'तुझ्या भल्यासाठी'. घराघरांत आया हेच म्हणतात. त्यांना वाटेल, आम्हालाच राक्षसीण ठरवलं."

"ठरवू द्या की," विजयमाला म्हणाली.

"अहो, मोबाईल त्यांच्याच हातात असतो. त्यांना टोचलं तर त्या मुलांना दाखवणारच नाहीत."

"मला बी टोचलं. तरी बोलले नव्हं मी?"

केतकी मॅडमनी सम्मेदकडे पाहिलं. "आपण तेवढा प्रसंग पुन्हा रेकॉर्ड करू. हसणं घालू. नाहीतर माझ्याकडे पुण्यात एक आवाज तयार आहे."

सम्मेद विजयमालाकडे वळला. "ताई, एक डाव म्हणून बघा की..."

"न्हाई."

"आवं पण—"

"भाऊ, तुमी दुसरी बाई आणा. माजं काय म्हणणं न्हाई. पण माज्या तोंडनं राणी हसणार न्हाई. ज्या बाईला बघताक्षणी कळतंय ती वाईट हाय, तिची कुणाला भीती? पोरं तिच्यापासनं पळत्याल, सुटत्याल. ज्याच्यापासनं पळावं असं वाटतच न्हाई, तेच दाखवा की पोरास्नी. न्हाईतर ती म्होरं आयुष्यभर नाकं बघत बसत्याल, कुणाचं बाकदार हाय ते."

स्वप्नाली खुर्ची फिरवून म्हणाली, "आणि दुसरा आवाज आणला तर चित्रं दुसऱ्या कुणाकडनं काढून घ्या. ह्या राणीचा चेहरा मला ह्यांच्या बोलण्यातनं सापडलाय. त्यावर मी खदाखदा हसणं बसवणार नाही."

सम्मेदनं कपाळाला हात लावला. त्याला दोन्हीकडून कात्रीत धरलं होतं. शेवटी केतकी मॅडमच म्हणाल्या, "ठीक आहे. मुलांनाच दाखवू. दोन्ही दाखवू."

पलूसजवळच्या एका शाळेत सम्मेदची ओळख होती. तिथल्या वर्गात पडद्याऐवजी पांढरी चादर लावली. दुसरी-तिसरीची साठेक मुलं सतरंजीवर बसली. विजयमाला आणि रेश्मा मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आधी पुण्याच्या आवाजातला प्रसंग लावला. बाकदार नाकाचं जुनं चित्र, खदाखदा हसणं. मुलांना मजा आली. एकानं लगेच नक्कल केली आणि सगळा वर्ग हा हा हा करू लागला. केतकी मॅडमनी सम्मेदकडे बघून भुवया उंचावल्या, बघा म्हणून.

मग दुसरा लावला. राणी गुडघ्यावर बसली. "किती लागलंय गं पायाला." मुलं शांत झाली. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी पडद्यावरच्या राजकन्येला मोठ्यानं म्हणाली, "दे की मग. पाय दुखत्यात नव्हं तुझं?" दोघातिघांनी माना डोलावल्या. राजकन्येनं पैंजण काढून दिले. राणीनं तिच्या केसांवरून हात फिरवला, तिला आत पाठवलं, आणि एकटीच बागेच्या टोकाला गेली. कुदळ घेतली आणि खड्डा खणू लागली. तोंडावर राग नाही, आनंद नाही. एखादं घरकाम उरकावं तशी.

ती दोन वेण्यांची मुलगी हळूच म्हणाली, "परत देणार न्हाई ती." आणि तिनं आपले पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

दिवे लावल्यावर केतकी मॅडमनी विचारलं, "कळलं का वाईट कोण ते?"

एक मुलगा उठून म्हणाला, "कळलं. पण आधी न्हाई कळलं."

केतकी मॅडम व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. विजयमाला आणि रेश्मा मागोमाग आल्या. "मला ते ऐकवत नाही हो," त्या म्हणाल्या.

"मला बी न्हाई," विजयमाला म्हणाली.

"ठेवते मी. पण शेवट मग असा कोरडा नको. राणीला दगड करायचं होतं ना, ते काढू. तिला पश्चात्ताप होऊ दे. ती रडत माफी मागते, राजकन्या धावत येऊन तिला मिठी मारते. तुम्हालाही बरं वाटेल."

विजयमालानं तोंड उघडायच्या आत रेश्मा पुढं आली. आतापर्यंत ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

"मिठी न्हाई," ती म्हणाली.

"का गं?"

"माफी मागू दे तिला. मागायलाच पायजे. पण पोरगी लगीच मिठी मारणार न्हाई."

"मग काय करेल ती?"

"माती उकरंल. पैंजण काढंल, पुसंल, आन घालंल. राणीच्या समोर. आन चालंल बागेत. राणीनं उभं राहून बघायचं, बास. मिठी कवा मारायची, मारायची का न्हाई, ते त्या पोरीचं ती बघून घेईल."

केतकी मॅडम कधी रेश्माकडे, कधी विजयमालाकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं आणि सम्मेदला म्हणाल्या, "स्वप्नालीला सांगा, माती उकरताना नखात गेलेली दिसली पाहिजे."

चित्रपट दिवाळीच्या सुट्टीत चॅनेलवर आला. पहिल्या आठवड्यात खाली ज्या प्रतिक्रिया आल्या त्यात निम्म्या शिव्या होत्या. आईपणाचा अपमान. मुलांच्या मनात विष. कुणी लिहिलं, माझी मुलगी दोन दिवस मला विचारतेय, तू खरंच माझ्या भल्यासाठी म्हणतेस का? सम्मेद फोनवर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, केतकी मॅडम इचारत्यात, तो प्रसंग जरा कमी करायचा का?"

"त्यांस्नी सांगा," विजयमाला म्हणाली, "त्या पोरीला उत्तर द्यायला आईला दोन दिवस लागलं असतील तर चित्रपट बरोबर हाय. एक वाक्य काढू नगा."

नाही काढलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी हरणाबाई आली. तिच्या नातवानं तिला मोबाईलवर दाखवलं होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"घरातलं जगाला दाखवलंस व्हय? त्या केसांचंच हाय ते. मला काय कळत न्हाई? मी बरं केलंस म्हणले हुते, ते मला टोचायला घातलंस."

"तुमास्नी न्हाई, वन्सं. मलाच."

"आन लाज न्हाई वाटली?"

"वाटली की. लाज वाटली म्हणून तर नीट बोलता आलं. तुमी बी नीट बघा एकदा, शेवटपतूर."

"लोक काय म्हणत्याल?"

"नऊ वरसं म्हणत्यातच की. आता निदान खरं काय ते धरून म्हणत्याल."

हरणाबाईनं रेश्माकडे पाहिलं, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. रेश्मा चुलीवरचा चहा गाळत होती. ती म्हणाली, "आत्या, चहा घ्या," आणि एवढंच म्हणाली. हरणाबाई चहा न घेताच गेली. पुढं दोन महिने ती या घराची पायरी चढली नाही. नंतर चढायला लागली, पण त्या गोष्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला सम्मेद स्वतः घरी आला. चॅनेलनं दुसरी गोष्ट दिली होती. नाथाजी पडवीत पेपर वाचत बसला होता. या सगळ्या काळात त्यानं चांगलं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. चित्रपट मात्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा एकट्यानं.

"ह्या डावाला दुष्ट कोण हाय?" रेश्मानं विचारलं.

"राजा हाय," सम्मेद म्हणाला. "त्याच्या राज्यात सगळं वाईट घडत असतंय आन तो लांब लढाईवर असतोय. आवाज मिळंना झालाय. सगळे मिशीवर ताव मारून बोलत्यात."

विजयमालानं पडवीकडे मान वळवली. "ह्यांस्नी न्या."

नाथाजीनं पेपर खाली घेतला. "मी काय केलंय?"

"तेच," रेश्मा म्हणाली.

कुणी हसलं नाही. नाथाजीनं पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आत विजयमाला ड्यूटीवर जायची म्हणून तिकिटाचं मशीन पिशवीत भरत होती. मग तो सम्मेदला म्हणाला, "कुठल्या वारी यायचं?"